जर्मनचं झुंबर

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. आमच्या घरातून कचरा म्हणून काहीही बाहेर जात नाही! करवंटी असो, फुटकी बादली असो, नाहीतर आमच्या गुरुजींची गुडघ्यात गेलेली पँट असो. (गुरुजी म्हणजे माझे यजमान, रत्नपाल. प्राथमिक शाळेत शिकवतात, म्हणून गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मीही म्हणते. निदान चारचौघांत.) लोक विचारतात, "जयमालावैनी, ही कला तुम्ही शिकलात कुठे?" म्हणजे अजून कोणी विचारलेलं नाही, पण विचारलंच तर उत्तर तयार आहे. कुठ्ठेही नाही! एक मोबाइल, एक कात्री आणि आत्मविश्वास. कात्री नसली तरी भागतं.

आता सगळंच पहिल्या फटक्यात जमतं असं नाही. गुरुजींच्या पँटची मी बाजाराची पिशवी शिवली. शिवण अशी की नारळ भरून फरफटत आणली तरी उसवायची नाही. फक्त पिशवीचं तोंड नेमकं पँटच्या चेनवर आलं. बोर्लीच्या भर बाजारात कांदे घेतल्यावर गुरुजींना सगळ्यांसमक्ष ती चेन खाली ओढावी लागली, आणि समोर उभ्या त्यांच्या शाळेतल्या बाई! त्या दिवसापासून गुरुजी कांदे खिशात घालून आणतात. मग करवंटीची कानातली केली. ती घालून आमची मानसी पनवेलला कॉलेजात गेली. संध्याकाळी फोन. "आई, कान खांद्याला टेकले!" तरी मी खचले नाही. कोळीवाड्यातून फाटकं जाळं आणलं आणि झोपाळा विणला. त्यात पहिला मान सासूबाईंना दिला.

तिथे मात्र चुकलं. जाळं ते जाळं. माशासाठी विणलेलं, त्याने आपलं काम चोख केलं. सासूबाईंना सोडवायला दोन माणसं आणि एक कोयता लागला.

सासूबाई, म्हणजे इंदूबाई, बाहेर आल्या, पदर सावरला आणि पडवीवरून नजर फिरवली. करवंट्यांचा ढीग, बाटल्यांची रांग, मोडक्या खुर्चीचं मी करत असलेलं काहीतरी.

"ही पडवी हाय का चोरबाजार?"

"आई, ही सगळी कच्ची सामग्री आहे."

"कच्ची हाय ती कच्चीच ऱ्हानार! मी तुला साफ सांगते. आपला प्रफुल्ल इतवारी पोपटी खायाला येतोय. त्याच्या मोटारसायकलला तिथं नवी मुंबईत ठेवायला जागा न्हाय. ती हितं पडवीत ठेवायची. तवर गावातलं एक तरी मानूस आपल्या पायानं येऊन म्हनलं, 'जयमाला, ही तुझी वस्तू मला दे,' तर पडवी तुझी. न्हायतर सोमवारी दादू भंगारवाल्याला बोलवीन!"

(पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून शेतात जाळावर भाजायच्या, थंडीत सगळ्या गावाने मिळून.) प्रफुल्ल माझा धाकटा दीर. त्याचं त्या मोटारसायकलवर इतकं प्रेम की तिला नाव ठेवलेलं नाही हेच नशीब.

हसू नका. तुम्हाला वाटेल, एक पडवी ती काय! पण आमच्या घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं, माजघर पाहुण्यांचं, टेबल गुरुजींच्या पेपरांचं. कपाटाचे वरचे दोन कप्पे माझे होते, ते मानसी बारावीला गेल्यावर गेले. ही एवढी पडवी, तीसुद्धा शिडी आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्यामधली, लग्नानंतर पहिल्यांदा मला अशी मिळाली होती की जिथे दुपारी बसलं तर "काय करतेस?" असं कोणी विचारू नये. किंवा विचारलं तर मला उत्तर असावं. आणि आता तीही जायची!

मग ठरवलं. करायचं तर असं करायचं की अख्खं गाव दारात आलं पाहिजे!

(आलं. तेही सांगते.)

मोबाइलवर एक बाई चाळणीत दिवा लावून भिंतीवर नक्षी पाडताना मी पाहिली होती. म्हटलं, चाळणी कशाला? आमच्या माळ्यावर भांडी काय कमी आहेत! शिडी लावली, वर चढले, आणि कोळिष्टकांतून दोन भांडी खेचून काढली. एक मध्यम टोप आणि एक मोठं पातेलं, अगदी लेकराला आंघोळ घालावी एवढं. दोन्ही जर्मनची. म्हणजे ॲल्युमिनियमची, पण आमच्याकडे त्याला जर्मनच म्हणतात. का म्हणतात ते जर्मनीलाही माहीत नसेल. तिसरा एक डबा मिळाला, बिनझाकणाचा. सगळ्यांवर काजळी अशी की घासता घासता माझी नखं शोकसभेला गेल्यासारखी दिसायला लागली.

जर्मनचं एक बरं असतं. मऊ. खिळा आणि हातोडी पुरे. प्रश्न होता नक्षीचा. भोकं पाडायची, पण कुठे? तर काय सांगू, भांड्यांवर ठिपके आयतेच होते! तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. आता मशीनने घालतात. पूर्वी कारागीर बारीक छिन्नीने ठिपक्याला ठिपका लावून नाव ठोकायचा. म्हटलं, ह्याच ठिपक्यांवर खिळा ठेवला की झालं काम. नाव कोणाचं ते वाचलं नाही. आमच्या माळ्यावरचं भांडं, नाव आमच्याच खानदानातलं असणार! शिवाय भांडं ओंडक्यावर पालथं घातलेलं, म्हणजे अक्षरंही पालथी. अक्षराकडे कोण बघतंय, मी ठिपका बघत होते. एखाद्या बाईने रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी मी तल्लीन. ठक, ठक, ठक! समोरच्या आळीतल्या लोकांची दुपारची झोप त्या आठवड्यात कायमची गेली. तिसऱ्या डब्यावर नाव नव्हतं, त्याला मी आपल्या मनाने चांदण्या पाडल्या.

आता गावात तेव्हा काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. सरपंचपद ह्या वेळी बाईसाठी राखीव. पण गावाने बैठक घेऊन ठरवून टाकलं होतं, यंदा बिनविरोध! भांडण नको, तंटा नको. रामजीकाकांची सून रुचिका सरपंच. सही रुचिकाने करायची, कारभार रामजीकाकांनी बघायचा. ह्यात रुचिकाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. रामजीकाका म्हणजे आमच्या भावकीतले वडीलधारे, पंचशील मंडळाचे कायमचे अध्यक्ष. ते चालायला लागले की त्यांच्या आधी त्यांचं खाकरणं पोचतं.

इतवार उजाडला. मी झुंबर टांगलं. जाळ्याच्या दोऱ्यांनी तिन्ही भांडी वाशाला बांधली, तोंडं वर, म्हणजे थोडा उजेड कौलांवरही पडेल. आत गुरुजींच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या पुढच्या दिव्याचा बल्ब, आणि तसलेच आणखी दोन दादूकडून आणलेले, जुन्या बॅटरीसकट. घरातले साधे बल्ब लावले तर नक्षी पिठल्यासारखी पसरते. ह्या बल्बाची तार तांदळाच्या दाण्याएवढी, पण उजेड असा धारदार की डोळ्यात गेला तर गेल्या जन्मीचं दिसावं. आणि उजेड पडायला समोर पडदा हवा, म्हणून पौर्णिमेला विहारात जाताना नेसायच्या आमच्या जुन्या पांढऱ्या साड्या जोडून पडवीच्या पुढल्या बाजूला, रस्त्याकडे, ताणून बांधल्या.

दिवेलागणीला प्रफुल्ल मोटारसायकलवरून फटफटत आला. हेल्मेट काढायच्या आधी त्याने पडवीची रुंदी डोळ्यांनी मोजली.

"वैनी, आडवी लावली तर बसेल ना?"

"आधी आत ये आणि बघ!" मी म्हटलं आणि बटण दाबलं.

अहाहा! पांढऱ्या पडद्यावर उजेडाचे ठिपके असे पसरले, की वालाच्या शेतात काजवे उतरावेत. कौलांवर चांदण्या. खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. पडद्यावर ठिपक्यांच्या वळ्या होत्या, वेलांट्या होत्या, कसलीतरी सुंदर लिपी असावी असं वाटत होतं, पण वाचता काही येईना. 

"ही कुठली भाषा?" प्रफुल्लने विचारलं.

सासूबाईंनी डोळे बारीक केले आणि एकदम हात जोडले. "पाली असंल."

"आई, पालीची आपली वंदना देवनागरीतच छापलेली असते," गुरुजी म्हणाले. "ही काही पाली नाही."

"मंग तुला वाचता का येत न्हाय? गुरुजी ना तू?"

गुरुजींनी चष्मा पुसला आणि विषय सोडला.

तेवढ्यात बाहेर एक मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग कोणीतरी कोणाला तरी हाक मारून बोलावलं. सायकलची घंटी. कुजबुज. आणि मग, माझ्यावर विश्वास ठेवा, बोर्लीहून येणारी एस.टी. आमच्या दारासमोर थांबली! जी एस.टी. हात केला तरी थांबत नाही!

माझा ऊर असा भरून आला! मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर नीट केला. मी केस सारखे केले, बाजूच्या दाराने बाहेर पडले आणि पडद्याकडे पाठ करून पायरीवर उभी राहिले. समोर पोपटीला निघालेलं निम्मं गाव! हातात मडकी, भांबुर्ड्याचा पाला, शेंगांच्या पिशव्या, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे माझ्या डोक्यावरून माझी कला बघत होते. कलावंताला आणखी काय हवं!

"जय भीम! नमस्कार! या ना, अशा रस्त्यात का उभे?"

पुढे ओंकार होता, आमच्या आळीतला, वायरमन. तो म्हणाला, "वैनी, हे कधी ठरलं?"

"मनात बरेच दिवस होतं. आज उजेडात आणलं!"

लोकांत एकदम खसखस झाली.

"आन मंडळाला म्हायती हाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"मंडळाला कशाला आधी? म्हटलं, पहिलं गावाला दाखवावं. मंडळाला आवडल्याशिवाय राहणार नाही!"

"मग रुचिकाचं काय?"

मला वाटलं, रुचिकालाही झुंबर हवंय. एक माणूस लागत होतं, इथे मागणी लागली! "रुचिकालाही देईन की! तिला जरा लहानसं देऊ."

"उपसरपंच!" कोणीतरी म्हणालं. हे काय मध्येच, असं मला वाटलं, पण आनंदात माणूस किती लक्ष देणार?

"खर्च बक्कळ आला असंल?" एस.टी.चा कंडक्टर खिडकीतून विचारत होता.

आता तर मला व्यासपीठच मिळालं. मी आवाज चढवला. "खर्च काहीच नाही! हीच तर कला आहे! वर्षानुवर्षं घरात पडून काळं झालेलं, कोणी ढुंकून न बघितलेलं, कोणाच्याच कामाचं न उरलेलं असं बघून उचलायचं. चांगलं खसखसून घासायचं. ठोकून ठोकून भोकं पाडायची. आणि वर टांगायचं!"

"कोनाला?"

हा आवाज येसाजीभावजींचा. समोरच्या आळीत राहतात, भातशेती, आणि आवाज भाताच्या गिरणीसारखा. हातात काठी, नाकपुड्या फुललेल्या.

"कोनाला कामाचं न उरलेलं म्हंतेस? माझ्या बायकोला?"

"काशीला? काशीचा इथे काय संबंध?"

"आता संबंध न्हाय व्हय! घरात पडून काळी झाली म्हंते! ठोकते म्हंते! वर टांगते म्हंते! आगो, घो जिवंत हाय अजून तिचा!"

मी म्हटलं, ह्यांना पोपटीच्या आधीच काही चढलंय का? तेवढ्यात गर्दीच्या मागून ते खाकरणं ऐकू आलं. गर्दी दुभंगली. रामजीकाका पुढे झाले. त्यांच्या मागे रुचिका, आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र, का कोण जाणे, हसू.

"जयमाला!" रामजीकाकांनी काठी आपटली. "गावानं बिनविरोध ठरवलंय. तुला काशीला उभी करायची तर कर. लोकशाही आहे. पण पंचशील मंडळाचा पाठिंबा परस्पर जाहीर केलास? अध्यक्ष मी आहे का तू?"

"काका, कसला पाठिंबा? मी झुंबर केलंय!"

"मग हे काय आहे?" त्यांनी काठी माझ्या डोक्यावरून रोखली.

मी मागे वळले.

बाई गं! आतून जी पाली होती ती बाहेरून शुद्ध मराठी निघाली! पडद्याच्या मागल्या बाजूने अक्षरं सुलटी होऊन रस्त्याकडे झळकत होती, एकेक अक्षर कोंबडीएवढं:

काशी हिस

आणि त्याच्या खाली, त्याहून मोठ्या, मोठ्या पातेल्याच्या अक्षरांत:

पंचशील मंडळ
परत करावे

आणि भोवती माझ्या मनाच्या चांदण्या. एवढा देखणा प्रचाराचा फलक जिल्ह्यात कोणी लावला नसेल!

"'काशी हिस' म्हंजे काशीला," ओंकार जमलेल्यांना समजावत होता. "काशीला पंचशील मंडळ. मत द्या हे लिव्हायचं ऱ्हायलंय."

"आन परत करावे ते काय?"

"सरपंचपद असंल. रामजीकाकांनी परत करावं."

"अजून घेतलं कुठे मी!" रामजीकाका ओरडले.

नवरा, दीर, सासू, तिघं बाजूच्या दारात येऊन उभे. आणि त्याच वेळी समोरच्या आळीतून काशी आली. हात पिठाचे, तशीच. कोणीतरी तिला सांगितलं असणार की तू निवडणुकीला उभी आहेस.

काशी माझ्याच वयाची. कमी बोलते. ती गर्दीतून पुढे आली आणि पडद्यासमोर थांबली. तिने ओठ हलवत आपलं नाव वाचलं. मग वाकून पडद्याच्या कडेने आत डोकावली, झुंबराकडे बघितलं, आणि किंचाळली.

"आगो, हा माझा टोप! माझ्या मामाचा टोप! 'काशी हिस मामाकडून'! 'मामाकडून' तेवढं मागल्या अंगाला गेलंय!"

त्या क्षणी सासूबाई शिडीच्या मागे सरकल्या. मी सून आहे, मला त्यांची पाठसुद्धा वाचता येते.

"आई?" गुरुजी म्हणाले.

"मानशी झाली तवा," सासूबाई शिडीमागून म्हणाल्या, "काशीनं अळिवाची खीर आनलेली. ह्या टोपात."

"आणि टोप?"

"आता खीर आनलेलं भांडं रिकामं कसं द्यायचं? म्हनलं, काय तरी बेस करू, भरून देऊ. मंग पावसाळा लागला. मंग शिमगा आला."

मानसी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"मी आपली समजत व्हते नणंदेनं नेला!" काशी कपाळाला हात लावून म्हणाली. कपाळ पांढरं झालं. "अजून तिच्या घरी गेले की मी पानी प्यायाच्या निमितानं जाऊन तिची मांडणी तपासते!"

"आणि हे आमचं पातेलं!" रामजीकाकांच्याही डोक्यात आता उजेड पडला होता. "मंडळाचं! ह्या पातेल्यासाठी दर वर्षी बैठकीत तास घालवतो मी! मुंबईवाल्यांनी नेलं म्हणून मुंबईवाल्यांशी बोलणं टाकलं!"

"मानशीच्या बारशाला आनलेलं," शिडी म्हणाली.

"तेही भरून द्यायचं होतं का?"

"एवढं मोटं भरायचं तर काय थट्टा हाय?"

गर्दी जी हसत सुटली! एस.टी.तले उतारू खिडक्या बडवत होते. आणि मी पायरीवर, हातोडी हातात असल्यासारखी मूठ वळून. काशीला म्हटलं, "मी भरून देते गं. उद्याच. काय सांगशील ते."

"भर की!" काशी म्हणाली. "चाळणीत काय ऱ्हातंय ते बघू!"

पुन्हा हशा. आणि त्या हशातच प्रफुल्ल माझ्या कानाशी येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वैनी, मग गाडी आत घेऊ ना?"

खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं. गावातलं एक माणूस वस्तू मागायला यायला हवं होतं. सगळं गाव आलं होतं, पण आपापलं भांडं परत मागायला! मी आत गेले. म्हटलं, दिवा बंद करावा, साड्या सोडाव्यात, दादूला निरोप द्यावा. बटणावर बोट ठेवलं.

"थांब गो," बाहेरून काशीचा आवाज. "इझवू नको."

मी पडद्याच्या कडेने बघितलं. ती तशीच उभी होती. पिठाचे हात तसेच अधांतरी धरलेले.

"जरा बघू दे. एवढं मोटं कदी बगितलं न्हाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्या नावानं आता हाक कोन मारतंय? साहिलची आई. येसाजीची बायको. रेशनवाला तर नुसता 'ओ' म्हनतो."

हसणारे हळूहळू थांबले. गर्दीतल्या दोन-तीन बायका पदर तोंडाशी धरून पुढे सरकल्या आणि त्यांनीही ते नाव वाचलं, जसं काही आधी वाचलंच नव्हतं.

ओंकारला मात्र राहवेना. "मंग काकी, उभी ऱ्हातेस का न्हाय?"

"काय उभी ऱ्हाते!" येसाजीभावजी म्हणाले. "घरात भाकऱ्या कोन..."

"अवो," काशी म्हणाली, अजूनही पडद्याकडेच बघत, "नाव तर बरं दिसतंय!"

एस.टी.च्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तो निघायचा होता की टाळीसारखा, ते त्यालाच माहीत. पण सगळ्यांनी टाळी समजूनच घेतला, आणि येसाजीभावजी एकटे पडले. शेवटी तेही म्हणाले, "अक्षर मात्र झ्याक पाडलंस, वैनी." आणि पोपटीला निघून गेले.

त्या रात्री प्रफुल्लची गाडी अंगणात राहिली. मी अंथरुणावर पडून ठरवत होते की सकाळी करवंट्या चुलीत घालीन.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर रुचिका. पदराखाली कळशी.

"वैनी, मला लहानसं देणार होतात ना? मोठंच करा. ही माझ्या आईने दिलेली. आणि हो, काशीकाकी उभी राहतेय ते फार बरं झालं. मला बँकेची परीक्षा द्यायचीय. सासऱ्यांना सांगायची हिंमत होत नव्हती."

तिच्या मागे ओंकारची आई, हातात तांब्या. तिच्या मागे खालच्या आळीतल्या दोघी, एकीकडे परात, एकीकडे नुसतं झाकण, कारण डबा दिराकडे गेला वाटणीत. सगळ्यांचं एकच. "माझ्या पन नावाला भोकं पाड गो!" कोणी वाल घेऊन आलं, कोणी सुके बोंबील. एक आजी आल्या, त्यांच्या भांड्यावर नावच नव्हतं. मी विचारलं, आजी, काय घालू? त्यांना जरा आठवावं लागलं.

दुपारपर्यंत तर मंडळाचाही निर्णय झाला. पातेल्यात आता आमटी राहायची नाही, तेव्हा ते समाजमंदिरात टांगायचं. 'परत करावे' ही बाजू मुद्दाम दाराकडे, म्हणजे कार्यक्रम झाल्यावर सतरंज्या आणि खुर्च्या नेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यावी. रामजीकाकांनी स्वतः फोन करून मुंबईवाल्यांची माफी मागितली. माफी मागताना खाकरले नाहीत, एवढं ऐकलं.

काशीने अर्ज भरला. निवडून येते का पडते, ते मी काय सांगणार? लढत चुरशीची आहे, कारण रामजीकाकांनी आता आपल्या चुलतसुनेला उभं केलंय, आणि गंमत म्हणजे तिलाही माझ्याकडून झुंबर हवंय. प्रफुल्लची मोटारसायकल काशीचा साहिल प्रचाराला फिरवतो. प्रफुल्लला फोनवर सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चिखलातून नेऊ नको म्हणावं." आणि तो मामाचा टोप काशीने घरी नेला. टांगला नाही. त्यात ती भात वेळते. म्हणते, "पानी असं निथळतं, की इतकी वर्सं हेच पायजे व्हतं."

आणि पडवी? पडवी राहिली! सासूबाईंनी स्वतः सांगितलं, चारचौघींसमोर, "ही पडवी आमच्या जयमालाची." दादूला त्यांनीच परस्पर पिटाळलं. आता तिथे मोडकी खुर्ची दुरुस्त करून त्या स्वतः बसतात. आलेलं प्रत्येक भांडं हातात घेतात, फिरवून नाव वाचतात, "हे तुजंच हाय ना गो? नीट बघ, मागनं भांडान नको," असं बजावतात आणि भिंतीशी रचतात. भिंती भरल्या, शिडी भरली, कोंबड्यांचं खुराडं परसात गेलं. काल मी ओंडका, खिळा आणि हातोडी घेऊन आत शिरले, कशीबशी जागा करून बसले आणि पहिला ठोका घातला, तर सासूबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या,

"आगो, तू जरा बाहेर अंगनात बस. हितं मान्सं येतात!"